उतरवून घेतलेला डाव

बुद्धिबळ शिकवणारं पुस्तक वापरून संपतं. पोथी सोवळ्यात राहते, कवितासंग्रह कपाटात राहतो. हे मात्र पटाशेजारी पालथं पडतं, त्याची पानं दुमडली जातात, तेलकट बोटांचे डाग पडतात. शिकून झालं की ते धाकट्या भावाकडे जातं आणि त्याचं शिकून झालं की कुठे जातं ते कोणी विचारत नाही. १४९५ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात फ्रान्सेस्क विसेंत या गृहस्थानं शंभर कूटांचं, म्हणजे पटावरच्या कोड्यांचं, पुस्तक छापलं. बुद्धिबळाच्या छापील पुस्तकांत ते अगदी सुरुवातीचं. आज जगात त्याची एकही प्रत ठाऊक नाही. दोन वर्षांनी स्पेनमध्येच सालामांकाला लुसेना या लेखकाचं पुस्तक निघालं, त्याच्या मोजक्या प्रती वाचल्या, म्हणून खेळ शिकवणारं सर्वांत जुनं उपलब्ध छापील पुस्तक असा मान आज त्याला आहे.

मी जुनी बुद्धिबळाची पुस्तकं जमवते, त्यातही अनुवाद. लोक विचारतात, अनुवाद कशाला? संग्राहक तर मूळ आवृत्तीच्या मागे असतो. मूळ आवृत्त्या माझ्या ऐपतीत नाहीत हे खरंच, पण ऐपत असती तरी मी अनुवादच जमवले असते. शिकवणीचं पुस्तक दुसऱ्या भाषेत जातं तेव्हा कोणीतरी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा वाचलेलं असतं, आणि बुद्धिबळाच्या बाबतीत नुसतं वाचून भागत नाही, पट मांडून बसावं लागतं.

पेद्रो डामियानोचंच घ्या. हा पोर्तुगालमधल्या ओदेमिराचा औषधविक्या. १५१२ मध्ये रोमला त्याचं पुस्तक छापलं गेलं, इटालियन आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत. पुस्तक इतकं चाललं की आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १५६० मध्ये क्लोद ग्रुजेनं ते फ्रेंचमध्ये नेलं आणि दोनच वर्षांनी जेम्स रोबोथमनं फ्रेंचवरून इंग्रजीत. अडीचशे वर्षांनी, १८१३ मध्ये, लंडनच्या जेकब सॅरटनं डामियानो, स्पेनचा रुय लोपेझ आणि इटलीचा साल्व्हिओ या तिघांना इंग्रजीत एकत्र आणलं. सॅरट हा काही भाषापंडित म्हणून नावाजलेला नव्हता. बुद्धिबळ शिकवणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. त्याचा शिष्य विल्यम लुईस. गुरू वारला त्याच वर्षी, १८१९ मध्ये, लुईसनं ग्रेको या जुन्या इटालियन खेळाडूच्या पुस्तकाचा अनुवाद प्रसिद्ध केला. ही परंपरा मला फार जवळची वाटते, कारण मीही शिकवते. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये चार-पाच पट मांडलेले असतात आणि सोसायटीतली मुलं 'काकू, आज काय?' म्हणत येतात.

मुलांपैकी कोणी ना कोणी दरवर्षी एक खेळी हमखास करतं. दोन्ही राजांची प्यादी समोरासमोर आली, पांढऱ्या घोड्यानं काळ्या प्याद्यावर रोख धरला, की पोर घाईनं राजाच्या उंटाचं प्यादं एक घर पुढे सरकवतं आणि म्हणतं, 'जोर दिला!' या बचावाला जगभर डामियानोचं नाव आहे. प्रत्यक्षात डामियानोनं हा बचाव वाईट म्हणून सांगितला होता. वजिराच्या बाजूचा घोडा काढून जोर द्यावा हा त्याचा सल्ला, आणि तो पाचशे वर्षांत कोणाला खोडता आलेला नाही. मी मुलांना आधी खेळू देते, घोडा प्यादं मारतो, काळ्यानं त्याला मारलं की वजीर तिरका बाहेर पडून शह देतो आणि राजाची वणवण सुरू होते. मग डामियानोचं पान उघडते. ओदेमिराच्या त्या औषधविक्यानं हे आधीच लिहून ठेवलंय म्हटल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी मी कितीही शिकवण्या घेईन.

लुसेनाच्या पुस्तकातला सल्लाही मुलांना भारी आवडतो: दिवसा खेळत असाल तर प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर सूर्य येईल असं त्याला बसवा. पण त्याच पुस्तकात ती मातही आहे, जी बघून मोठी माणसंही गप्प होतात. कोपऱ्यातल्या राजाला खेटून आपला वजीर ठेवून शह द्यायचा. घोड्याचा जोर असल्यानं राजाला तो मारता येत नाही, हत्तीला मारावाच लागतो, आणि आता आपल्याच माणसांत कोंडल्या गेलेल्या राजाला घोडा मात देतो. मोबाइलवरच्या कोड्यांत ही मुलांना रोज भेटते. ती १४९७ च्या पुस्तकात आहे हे कळल्यावर एका मुलीनं मला विचारलं, 'मग त्यांनी ती कोणाकडून शिकली?' याच्यासारखा प्रश्न मला मोठ्यांच्या कुठल्या चर्चेत ऐकायला मिळालेला नाही. बगदादच्या दरबारात दहाव्या शतकात अस्-सूली शतरंजची कूटं रचत होता. स्पेनच्या दहाव्या अल्फोन्सोनं १२८३ मध्ये खेळांचा सचित्र ग्रंथ करवून घेतला, त्यात १०३ बुद्धिबळाची कूटं आहेत आणि त्यांतली बरीचशी अरबांकडून आलेली. म्हणजे युरोपातलं शिकवणीचं पुस्तक जन्मलं तेच अनुवादातून. रशियनमध्येही तसंच झालं, तिथे बुद्धिबळाचं पहिलं छापील पुस्तक म्हणजे १७९१ मध्ये निघालेला बेंजामिन फ्रँकलिनच्या निबंधाचा अनुवाद.

पुण्यात ही पुस्तकं मिळतात कुठे, हा प्रश्न मला नेहमी येतो. अप्पा बळवंत चौकात परीक्षेची गाइडं आणि आजची ओपनिंगची पुस्तकं मिळतात, जुनं क्वचित. जुन्या बाजारात नाणी, कुलपं, पितळी दिवे यांच्या राशीत कधी कधी एखादा इंग्रजी हँडबुकाचा तुकडा हाती लागतो. कॅम्पातली घरं रिकामी होतात तेव्हा काही चांगलं निघतं. १८१८ नंतर इथे गोरी पलटण आली, तिच्याबरोबर पट आला आणि पटाबरोबर पुस्तकं. माझ्याकडच्या स्टाँटन या इंग्रज खेळाडूच्या एका पुस्तकाच्या आतल्या पानावर शाईनं लिहिलेलं 'पूना' आहे. बाकीचं परदेशी विक्रेत्यांकडून टपालानं येतं, आणि जे परवडत नाही त्याच्या प्रतिमुद्रणावर मी समाधान मानते. झुरिचच्या ओल्म्स या प्रकाशकानं जुन्या बुद्धिबळ पुस्तकांच्या पुनर्मुद्रणांची मालाच काढली, आणि मालेला नाव दिलं 'चतुरंग'. झुरिचहून आलेल्या त्या पार्सलवर आपला शब्द वाचताना मला खरोखर भरून आलं होतं.

पुस्तक घरी आल्यावर मी ते वाचत नाही, खेळते. पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत, एकही खेळी न गाळता. इथे अनुवादकाची परीक्षा होते. मुद्रणदोष हा या पुस्तकांचा जुना रोग. एक आकडा चुकला, 'राजाच्या' ऐवजी 'वजिराच्या' पडलं, की पुढचा सगळा डाव अशक्य होतो. जो अनुवादक टेबलाशी बसून नुसती वाक्यं फिरवत होता त्याच्याकडे ती चूक जशीच्या तशी उतरते. जो पटाशी बसला होता तो थांबतो, मागे जातो, खरी खेळी शोधतो आणि गुपचूप दुरुस्त करतो. त्याबद्दल त्याचं नाव कुठेच येत नाही. मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून खेळणाऱ्यालाच ते कळतं. अशी एक दुरुस्ती सापडली की त्या माणसाबरोबर दोन घटका बसून आल्यासारखं वाटतं. कधी हे काम अनुवादकानं केलेलं नसतं, आधीच्या मालकानं केलेलं असतं, समासात, पेन्सिलीनं. म्हणून नारायण पेठेतल्या माझ्या बाइंडरशी माझा कायमचा एक वाद आहे.

'काकू, कडा सारख्या केल्याशिवाय पुस्तक उठून दिसत नाही.'

'दिसू नये. समास राहू दे.'

'थोडंसंच कापतो.'

'एक सूतही नाही.'

तो मान हलवतो, पण ऐकतो. शिवण नवी, पुठ्ठा नवा, समास जुना. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून मी आईसारखी वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवते आणि श्रावणात ऊन पडलं की पुस्तकं गॅलरीत सावलीला मांडते.

या जुन्या इंग्रजी अनुवादांची भाषा मला मराठीच्या फार शेजारची वाटते. आजच्यासारखी अक्षर-अंकांची सांकेतिक लिपी त्यांत नसते. आलेप्पोच्या फिलिप स्टामानं १७३७ मध्येच पॅरिसला अक्षर-अंक वापरून शंभर कूटं छापली होती, पण इंग्रजी वाचकांनी ती लिपी पुढे दोनशे वर्षं तरी मनावर घेतली नाही. त्यांच्याकडे पूर्ण वाक्य असतं: राजाचं प्यादं दोन घरं, राजाचा घोडा राजाकडच्या उंटाच्या तिसऱ्या घरात. अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू फिलिडोर मी मुलांना वाचून दाखवते तो असा, पुस्तक इंग्रजी आणि तोंडून मराठी. त्याचं पुस्तक १७४९ मध्ये लंडनला फ्रेंचमध्ये छापलं गेलं आणि वर्षभरात इंग्रजीत आलं. आधीचे लोक खेळी सांगत, फिलिडोर कारण सांगतो. या प्याद्याला आत्ता का हलवायचं नाही, त्या प्याद्याला मागून जोर का ठेवायचा, हे तो टिपांमध्ये समजावत जातो. प्यादी हा या खेळाचा प्राण आहे, हे त्याचं म्हणणं सगळ्यांना पाठ आहे. त्या टिपा मात्र फार थोड्यांनी वाचल्यात. तो स्वतः संगीतकार होता, ऑपेरा रचायचा. टिपांना एक लय आहे ती त्यामुळेच, अशी माझी समजूत आहे.

मात्र वाक्य उतरलं म्हणजे डाव उतरला असं होत नाही. नियम प्रत्येक गावाचे वेगळे होते. इटलीत किल्लेकोट करताना राजा आणि हत्ती कुठे ठेवायचे याची मोकळीक होती, ती थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. दोन घरं उडी मारलेलं प्यादं जाता जाता मारायला तिथे परवानगी नव्हती. इंग्लंडमध्ये तर याहून मोठा फरक होता. राजाला शह नाही पण हलायला घरही नाही, अशी कोंडी झाली की आज आपण डाव बरोबरीत सोडवतो. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून जवळजवळ दोनशे वर्षं अशी कोंडी करणाराच हरत असे. विचार करा, इटालियन गुरूनं 'इथे बरोबरी' म्हणून शिकवलेला शेवट लंडनच्या शिष्यासाठी चक्क जीत ठरायचा. सॅरट अनुवाद करता करता या कोड्यात सापडलेला असणार. त्यानं नुसती तळटीप देऊन सोडलं नाही. कोंडी म्हणजे बरोबरी हा नियम इंग्लंडनं घ्यावा म्हणून त्यानं आग्रह धरला आणि तो नियम तिथे रुजला. अनुवादकानं पुस्तकासाठी आपल्या गावचा खेळच बदलायला लावला, याहून मोठं काम मला सुचत नाही.

सॅरटचं पुस्तक लंडनला निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८१४ मध्ये, मुंबईत एक पुस्तक छापलं गेलं. लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ संस्कृत, अनुवाद इंग्रजी, आणि शीर्षकातच सांगितलेलं की यातल्या डावातल्या स्थिती युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतल्या आहेत, शिकणाऱ्याची तयारी व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम मिळावा म्हणून. हे वर्ष नीट लक्षात घ्या. पुण्यात अजून दुसरा बाजीराव गादीवर आहे, पेशवाई बुडायला चार वर्षं आहेत, मराठीत छापील पुस्तकांचा नुसता आरंभ आहे. आणि एक शास्त्री संस्कृतात रचलेली कूटं साहेबाच्या नियमांनी इंग्रजीत देतो आहे. पुढे १८२९ मध्ये मद्रासच्या गुलाम कासिमनं जेम्स कॉक्रनबरोबर एका गँबिटचं, म्हणजे बळी देऊन केलेल्या सुरुवातीचं, विश्लेषण छापलं, त्यात मद्रास आणि हैदराबाद यांच्यात झालेल्या सामन्याचे दोन डावही आहेत. आपल्याकडे शिकणारे होते तसे शिकवणारेही होते, आणि ते जगाच्या भाषेत शिकवत होते.

त्याच्याही मागे गेलं तर ग्रंथ आहेतच. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' राजाच्या करमणुकींत बुद्धिबळ सांगतो. बडोद्याच्या गायकवाड मालेत तो छापला गेला आणि भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी बसून वाचता येतो. सतराव्या शतकातला नीलकंठ भट्ट काशीचा, पण घराणं मूळ पैठणचं. त्याच्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबळावर प्रकरण आहे, पटाच्या सगळ्या घरांतून घोडा एकदाच कसा फिरवायचा त्यासह. आल्ब्रेख्त वेबर यांनी १८७० च्या दशकात बर्लिनच्या अकादमीपुढे संस्कृत ग्रंथांतलं बुद्धिबळ मांडलं आणि तिथून ते युरोपच्या अभ्यासकांपर्यंत गेलं. १८९३ मध्ये पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचं बुद्धिबळावरचं मराठी पुस्तक निघालं. वीस वर्षांनी ऑक्सफर्डहून हॅरॉल्ड मरे यांचा नऊशे पानांचा बुद्धिबळाचा इतिहास आला, त्यात या पुणेरी पुस्तकाचा दाखला आहे. मरे या इतिहासासाठी अरबी शिकले होते. क्लीव्हलँडच्या जॉन व्हाइट या वकिलानं आपल्या संग्रहातून त्यांना मदत केली, आणि तो संग्रह आज तिथल्या सार्वजनिक वाचनालयात आहे, जगातला सर्वांत मोठ्यांपैकी एक. पुण्यातल्या पेठेत छापलेलं पुस्तक ऑक्सफर्डला पोचलं. पुण्यातल्या घरांत त्या काळची किती पुस्तकं उरली असतील?

सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायला घेतला तेव्हा रद्दीवाल्याकडे गठ्ठे आले. त्यानं मला निरोप दिला, कारण त्याला माझी आवड माहीत आहे. पंचांगं, कीर्तनाच्या वह्या, शाळेची बाडं आणि त्यांत एक बारीक पुस्तक, पट छापलेलं. मुखपृष्ठ नाही, शेवटची पानं नाहीत. 'ताई, हे घेऊन जा, याचं वजनच नाही,' तो म्हणाला. ते देशी बुद्धिबळ शिकवणारं मराठी पुस्तक आहे आणि माझ्या संग्रहातल्या अनुवाद नसलेल्या मोजक्या पुस्तकांपैकी एक.

देशी डाव ज्यांनी आजोबांबरोबर खेळलाय त्यांना आठवेल. प्यादी एकेक घर चालणारी. शह बसलेला नसेल तोवर राजाला आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते घर ज्याचं, तेच मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. समोरच्याचा राजा एकटाच उरला तर ती बुर्जी, म्हणजे अर्धाच विजय. आणि सगळ्यांत मानाची मात प्याद्याची. ही शेवटची गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना अशी काही आवडली की आता ते जिंकत आलेला डाव लांबवतात, वजिरानं एका खेळीत संपणारं सोडून प्यादं पुढे आणतात. स्पर्धेत असं करू नका म्हणून मला दटावावं लागतं, पण घरी मी करू देते. प्याद्यानं मात करायची तर पटाचा कानाकोपरा ताब्यात असावा लागतो. कोंडी टाळावी लागते, बुर्जी टाळावी लागते, समोरच्याकडे एखादं मोहरं राखावं लागतं. याहून चांगला शेवटाचा अभ्यास कुठल्याही आधुनिक पुस्तकात मी पाहिलेला नाही, हे मी शिकवणारी म्हणून बोलते आहे.

हे पुस्तक मी इंग्रजीत नेते आहे. आजवर दुसऱ्यांचे अनुवाद जमवले, आता आपल्या घरातलं एक पुस्तक बाहेर जावं असं मनापासून वाटतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता इंजिनिअरिंगला आहे, ती आकृत्या काढते. पहिल्याच आठवड्यात आमच्यासमोर शास्त्रीबुवांचा प्रश्न आला: नियम आजच्या खेळाला जुळवून घ्यायचे का? त्यांनी जुळवले, कारण त्यांचा वाचक साहेब होता आणि देशी डाव तर घरोघरी जिवंत होता. आज तो मावळत चाललाय. तेव्हा आम्ही ठरवलं की नियम देशीच ठेवायचे, प्रत्येक शेवट देशी नियमांनीच पटावर खेळून बघायचा, आणि आजच्या नियमांनी निकाल बदलत असेल तिथे खाली टीप द्यायची. दर रविवारी सकाळी ती येते, पोहे होतात, पट मांडला जातो. दोन ठिकाणी खेळी छापताना चुकल्या आहेत हे आम्हाला खेळूनच कळलं. एक दुरुस्त झाली. दुसऱ्या ठिकाणी दोन खेळ्या शक्य दिसतात आणि दोघींचं एकमत होत नाही. ती म्हणते उंट, मी म्हणते हत्ती. दोन्ही छापू.

प्यादेमातीच्या प्रकरणाचा शेवट मात्र हरवलेल्या पानांत आहे. तो दुसऱ्या प्रतीशिवाय मिळणार नाही, म्हणून हे सगळं लिहिते आहे. तुमच्या घरी, गावच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत पट छापलेलं एखादं मराठी पुस्तक असेल तर ते रद्दीत घालू नका. मला द्यायलाही नको. फोनवर फोटो काढा, आणि आधी तीन पानं काढा: मुखपृष्ठ, छापखान्याचं नाव असलेलं पान आणि अगदी शेवटचं.